मोरपीस कुटणारे साडूभाऊ

धुळवडीच्या दिवशी, जळगावच्या भर बाजारात, नखशिखांत रंगलेल्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून 'रंग नावाची वस्तूच जगात नाही' असं छातीठोकपणे सांगणारा आणि एवढं सांगूनही धडधाकट घरी परतणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझा साडू होता. त्या वेळी त्यांचा स्वतःचा एक गाल हिरवा होता, दुसरा जांभळा, आणि कानाच्या पाळीवरून एक गुलाबी थेंब सावकाश खाली उतरत होता. तो बोटानं टिपून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरला. "भाऊ, याला लोक रंग म्हणतात. ही घाण आहे. धुतली की मोरीत जाते ती घाण. रंग वेगळा." मग तिथंच, मागून कोणी तरी डोक्यावर बादली रिकामी करत असताना, त्यांनी मला समजावलं की खरा रंग असतो साबणाच्या फुग्यावर, शिंपल्याच्या पोटात, मोराच्या पिसावर. तिथं कोणी काही फासलेलं नसतं. असते ती नुसती घडण: डोळ्यांना दिसणार नाहीत असे थर, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा रेघा, आणि त्यांच्यावर आपटून परत फिरताना सजून येणारा उजेड. माणसानं आजवर कापड रंगवलं, भिंती रंगवल्या, तोंडं रंगवली. आता माणसानं घडण करायला शिकलं पाहिजे, आणि ते जळगावात होईल, असं त्यांचं म्हणणं. जळगावातच का, असं मी विचारलं. "कारण मी इथं राहतो," ते म्हणाले.

साडू हे नातं आपल्याकडे फारसं कोणी मनावर घेत नाही. दोघांच्या बायका बहिणी, एवढाच काय तो धागा. दोन साडू सासरवाडीला भेटले की सासरवाडीच्या तक्रारी करतात, जेवतात आणि घोरतात. आमचे साडूभाऊ यांतलं फक्त जेवण मन लावून करत. उरलेल्या वेळात ते वस्तूंकडे तिरके बघत. समोरची वस्तू समोरून बघायची असते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यामुळे त्यांची मान कायम डाव्या खांद्याकडे कललेली असे. नव्या माणसाला वाटे, यांची शीर आखडली आहे. बसमध्ये शेजारच्या प्रवाशांनी त्यांना एरंडेलापासून बिब्ब्यापर्यंत सगळे उपाय सुचवले होते. दुःखाच्या घरी मात्र ही मान फार शोभायची. तिथं त्यांच्याइतका हळहळलेला माणूस दुसरा दिसत नसे. प्रत्यक्षात ते कोपऱ्यातल्या समईच्या तेलावरचा तवंग निरखत असत.

त्यांच्या लग्नाची कथा आमच्या सासरी अजून सांगतात. मुलगी बघायला ते धुळ्याला आले. मुलगी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईनं त्या दिवशी धूपछाँव रेशमाची साडी नेसली होती, एका अंगानं हिरवी आणि दुसऱ्या अंगानं जांभळी दिसणारी. पोह्यांच्या बशा फिरल्या, मंडळींनी स्वयंपाक येतो का, शिवण येतं का वगैरे नेहमीचं विचारून घेतलं आणि शेवटी ती मुलाला म्हणाली, तुला काही विचारायचं तर विचार. साडूभाऊ म्हणाले, "पदर जरा खिडकीपाशी धरता का?" ताईनं धरला. त्यांनी मान डावीकडे टाकली, मग उजवीकडे टाकली, उठून जमिनीवर बसून बघितलं आणि समाधानानं म्हणाले, "ताणा हिरवा, बाणा जांभळा. फसवणूक आहे, पण प्रामाणिक आहे." सासऱ्यांना वाटलं, कापडाचा व्यापारी चुकून घरात शिरला. ते नकार कळवायच्याच विचारात होते. पण ताईनं आतून होकार सांगितला. पुढं कधी तरी मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "आधीचे सगळे माझ्याकडे बघायचे, मला नुसता घाम फुटायचा. हे एकटेच साडीकडे बघत होते. मला जरा श्वास घेता आला."

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हा दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं होतं. खानदेशात आखाजीला दिवाळीपेक्षा जास्त मान. सासूबाई पुरणाच्या खटाटोपात होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागून ठक ठक आवाज येऊ लागला. मी जाऊन बघतो तर थोरले जावई देवघरातलं मोरपीस सासूबाईंच्या खलबत्त्यात घालून कुटत बसलेले. पिसाचा तो डोळा, ज्यात निळ्या-हिरव्या रंगाची सगळी संपत्ती असते, त्याची त्यांनी वस्त्रगाळ पूड केली आणि ती तळहातावर घेऊन सगळ्यांना बोलावलं. पूड तपकिरी होती. तपकिरीसुद्धा नव्हे, चहाच्या चोथ्यासारखी. "बघा!" ते विजयानं म्हणाले. "निळा कुठं गेला?"

सासूबाईंनी एकदा रिकाम्या देवघराकडं पाहिलं आणि एकदा खलबत्त्याकडं. "कथा गया म्हंजे? तुम्हीच ते कुटं त्याले!"

"तेच म्हणतो मी! रंग असता तर कुटून गेला असता का? हळद कुटली तर पिवळी राहते. म्हणजे मोरात निळा नव्हताच. घडण होती, ती मोडली."

"मोडनार कोन? जवाई शे का वैदू?" असं म्हणून सासूबाई पुरणाकडं वळल्या. खलबत्ता त्यांनी चिंच-मिठानं पुन्हा पुन्हा घासला, पण त्या उन्हाळ्यात त्या घरात जो ठेचा झाला, त्यात प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे मोर लागत होता.

गंमत अशी की हा रंगाचा वैरी पोटासाठी रंगच कालवायचा. जळगावला तेव्हा प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने जोरात होते. त्यांतल्या एका कारखान्यात साडूभाऊ रंगमास्तर होते. प्लास्टिकचे पांढरे दाणे यंत्रात वितळण्याआधी त्यांत रंगाचे दाणे कोणत्या मापानं मिसळायचे, ते यांनी ठरवायचं. आणि या कामात त्यांच्या हाताला तोड नव्हती. गिऱ्हाईक साडीचा काठ, पपईची फोड, देवळाच्या झेंड्याचा तुकडा, काहीही घेऊन येई. साडूभाऊ तिरके बघत आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब त्या रंगाची चटई विणून पडलेली असे. कारखान्याचे शेठजी म्हणजे मोठा दिलदार माणूस. आजोबा राजस्थानातून आलेले, यांचा जन्म जळगावचा. बोलण्यात मराठी, हिंदी आणि मारवाडी यांची चटईसारखीच वीण. मास्तरचं वेड त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी पदरी हत्ती बाळगावा तसं कौतुकानं बाळगलं होतं.

एकदा साडूभाऊंनी शेठजींना पटवलं की, साबणाच्या फुग्यासारखे पातळ थर जर प्लास्टिकच्या पट्टीत एकावर एक बसवता आले तर रंगाचा एक दाणाही न घालता मोरपंखी चटई निघेल. शेठजींनी एक रिकामं यंत्र त्यांच्या हवाली केलं. त्यांनी दोन जातींचं काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक घेऊन, कामगारांना घामाघूम करून, थरांवर थर चढवले. पण यंत्र ते यंत्र. त्याचा पातळात पातळ थरही फुग्याच्या मानानं गोधडीएवढा जाड. चटई विणून झाली ती पाण्यासारखी नितळ. साडूभाऊंनी तरीही ती, माझ्यादेखत, शेठजींच्या बैठकीत अंथरली. म्हणाले, सवय झाली की रंग दिसू लागेल. तेवढ्यात नंदुरबारकडचे एक व्यापारी आले. चपला काढून उभे राहिले. बराच वेळ उभेच. शेवटी संकोचून म्हणाले, "शेठजी, बसायला काही टाकता का?"

शेठजी म्हणाले, "टाकलेलं आहे. आपण त्याच्यावरच उभे आहात."

व्यापारी गेल्यावर शेठजींनी मास्तरना बोलावलं. मला वाटलं, आता कानउघाडणी. पण ते एवढंच बोलले, "मास्तर, रंगाशिवाय चटई झाली. आता चटईशिवाय रंग करा. म्हणजे काही तरी छोटं बघा. माझं यंत्र मोठं आहे हो, त्याला तुमचं बारीक काम कळत नाही." साडूभाऊंनी हा सल्ला आज्ञेसारखा घेतला. त्या दिवसापासून त्यांचं संशोधन घरी आलं आणि ताईचा स्वयंपाकघरातला ओटा निम्मा गेला.

त्या घरात आणखी एक माणूस होता: साडूभाऊंचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी उभी हयात कापडगिरणीच्या रंगखात्यात काढली होती, आणि तिथून मोकळे झाल्यावरही घराच्या मागं हौद बांधून ते लोकांना सुताच्या लडी निळीत रंगवून देत. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. नखं तर काळीच म्हणावीत. बापलेकांचं रंगावरून रोज वाजायचं. "हाते लागत नही तो रंग कसाना?" आबा विचारायचे, हाताला लागत नाही तो रंग कसला, म्हणून. "हाताला लागतो म्हणूनच तो नको," असं लेकाचं उत्तर. मला हा दोन कारागिरांचा वाद वाटे. एक मात्र मी पाहिलं होतं: लग्नाकार्यात, वैशाखाच्या उन्हातही, आबा अंगावर शाल घेऊन बसत आणि हात शालीबाहेर काढत नसत. थंडी वाजते म्हणत. जळगावच्या उन्हाळ्यात थंडी वाजणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा खोटं बोलत असतो. आबा आजारी नव्हते.

ताईनं ते एकदा उलगडून सांगितलं. साडूभाऊ शाळेत असतानाची गोष्ट. कुठल्याशा लग्नात बापलेक पंगतीत शेजारी बसले होते. वाढणारा आबांना म्हणाला, हात धुऊन या. आबा उठले, धुऊन आले. वाढणारा पुन्हा म्हणाला, अहो, नीट धुऊन या. आबा पुन्हा उठले. त्या वेळी मुलगाही पानावरून उठला आणि दोघं तसेच घरी चालत आले. "यांनी मला हे एकदाच सांगितलं," ताई म्हणाली, "शिंपला घासता घासता. मान वर न करता." त्यानंतर मी साडूभाऊंच्या मोरपिसांवर विनोद करणं कमी केलं. बंद मात्र केलं नाही, कारण ते स्वतःच मला विषय पुरवत.

शिंपल्यांचा कारखाना चांगला रंगात आला होता. गिरणा नदीच्या पात्रातून ते पिशव्या भरभरून शिंपले आणत. शिंपल्याचं पोट घासून आरशासारखं गुळगुळीत करायचं म्हणजे त्यातली घडण कळेल, असा बेत. घासताना तुकडा हातात धरता येत नाही, म्हणून सोनार करतात तसा तो लाकडी दांड्यावर काळ्या लाखेनं चिकटवायचा. लाख त्यांना बाजारातले बांगड्यांचे कारागीर देत. हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई आम्हाला कळण्याची भाकरी वाढत होती. साडूभाऊ जेवता जेवता घासतच होते. एकाएकी तुकडा दांड्यावरून निसटला आणि वाटीत पडला. ते तुकडा शोधायचं सोडून दांड्याकडंच बघत राहिले. जिथं शिंपला चिकटला होता तिथल्या काळ्याभोर लाखेवर गुलाबी, हिरवा, मोरपंखी उजेड सांडला होता.

"शिंपल्याचा पापुद्रा राहिला असेल," मी म्हणालो.

त्यांनी तो भाग रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. रंग तसाच. सुईच्या टोकानं कोपरा खरवडला. खाली लाख, नुसती लाख. मग त्यांचा आवाज चढला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. "उचलली! भाऊ, लाखेनं घडण उचलली! शिंपल्यावरच्या रेघा जशाच्या तशा लाखेवर उमटल्या. शिक्का मारावा तशा!" ताई भाकरी टाकून धावत आली. त्यांनी आणखी लाख मऊ केली, शिंपला दाबला, गार होऊ दिला, काढला. पुन्हा रंग. तिसऱ्यांदा ताईनं स्वतः दाबला आणि तिचा सगळ्यांत चांगला उमटला.

आबा मागच्या हौदापाशी होते. साडूभाऊंनी ताईनं उमटवलेली लाखेची वडी त्यांच्या हातात दिली. आबांनी ती उन्हात फिरवली. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी तिच्यावर अंगठा जोरात घासला आणि मग अंगठ्याकडं बघितलं. पुन्हा घासला, पुन्हा बघितलं. निळ्या अंगठ्यावर नवं काहीच आलं नव्हतं.

"लागना नही," आबा म्हणाले. एवढंच. पण वडी त्यांनी परत दिली नाही; बंडीच्या खिशात घातली.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात आमच्या सर्वांत धाकट्या मेव्हणीचं, धाकटीचं, लग्न ठरलं. सासर भडगावचं. साडूभाऊंनी जाहीर केलं की नवरीच्या हिरव्या चुड्याच्या पुढं मोरपंखी बांगड्या त्यांच्याकडून. नवराबायकोनं मिळून लाखेच्या रुंद बांगड्यांवर चहूबाजूंनी शिंपला दाबून त्या घडवल्या. काय सांगू त्या बांगड्या! काळ्या पाण्यात इंद्रधनुष्य विरघळावं तशा. हात हलला की हिरव्याचा गुलाबी होई. काळा रंग वापरलात की शेवटी, असं मी त्यांना म्हणालो, तर म्हणाले, "काळा हा रंग नव्हे. तो नुसता गप्प बसायला ठेवलाय, म्हणजे बाकीच्यांना बोलता येईल."

लग्न धुळ्याला, भर वैशाखात. सकाळी वऱ्हाड उतरलं तेव्हा विहीणबाईंनी नवरीचा हात हातात घेऊन त्या बांगड्यांचं इतकं कौतुक केलं की साडूभाऊंची मान त्या दिवशी दोन्हीकडं कलत होती. मग ऊन चढलं. मांडवाचं कापड तापलं. अक्षता पडेपर्यंत मांडवात बसणं म्हणजे भट्टीत बसणं झालं. आणि लाखेचा स्वभावच असा की ती उन्हानं हळूच सैलावते. हिवाळ्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या बारीक रेघा कोणाला न कळता एकमेकींत मिसळून गेल्या. माळा घालून झाल्या, ओटीची वेळ आली, विहीणबाईंनी सुनेचा हात पुन्हा हातात घेतला आणि त्या थबकल्या. नवरीच्या दोन्ही हातांत काळ्या ठिक्कर बांगड्या होत्या.

"सकायले ते मोरना गत चमकी राह्यन्यात! आते काया कश्या?" त्यांचा आवाज मांडवभर गेला. लग्नाच्या दिवशी नवरीच्या हातात काळं! कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं फसवणूक, कोणी म्हणालं करणी. वरपक्षाच्या बायका उठून उभ्या राहिल्या. सासऱ्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी ताईकडं पाहिलं आणि ताईनं साडूभाऊंकडं.

साडूभाऊ मात्र तसूभरही डगमगले नाहीत. ते पुढं झाले, धाकटीच्या हातातली एक बांगडी उतरवली आणि म्हणाले, "विहीणबाई, रंग गेला नाही. तो कधी नव्हताच. घडण गेली. ती पुन्हा आणतो." कोटाच्या खिशातून त्यांनी शिंपला काढला. स्वतःच्या मेव्हणीच्या लग्नात खिशात शिंपला घेऊन येणारा माणूस! आचाऱ्याच्या चुलीशी जाऊन त्यांनी बांगडी मऊ केली, सगळा मांडव मागं आला असताना तिच्यावर शिंपला दाबला आणि सरबताच्या बर्फात ती धरून ठेवली. मग शिंपला अलगद सोडवून बांगडी वर धरली. गुलाबी, हिरवी, मोरपंखी. पोरं ओरडली. आचारी झारा टाकून बघायला आला.

विहीणबाई हुशार होत्या. त्यांनी विचारलं, "आनि घटकाभरमा काय व्हई?"

इतर कोणी असता तर खोटं बोलला असता. साडूभाऊ म्हणाले, "पुन्हा जाईल."

पुन्हा गलका उठला. तेवढ्यात मागून आबा आले. त्यांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि दोन्ही हात, कोपरापर्यंत निळे, सगळ्या मांडवादेखत वर केले.

"विहीणबाई, हाई देखा. हाऊ मन्हा रंग. जलमभर धोयी राह्यनू, जास नही. आनि हाऊ मन्हा पोऱ्याना रंग, घटकाभर ऱ्हास नही. काय करशात? आमना घरमा मधला रंगच नही!"

मग विहीणबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मांडव हसण्यानं भरून गेला. धाकटीनं हात पुढं केला. "द्या जिजाजी, घाला बांगडी. गेला रंग तर भडगावला येऊन परत आणून द्या. तेवढंच माहेरचं माणूस येईल." विहीणबाईंनी स्वतः ती बांगडी सुनेच्या हातात चढवली. जेवणाला आबांना त्यांनी वरपक्षाच्या पंगतीत मधोमध बसवलं आणि पहिली पुरणपोळी आपल्या हातानं वाढली. साडूभाऊ पलीकडच्या पंगतीत होते. मला आठवतं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. सबंध वेळ आबांच्या ताटाकडे बघत बसले. त्या लग्नानंतर आबांची शाल ट्रंकेत गेली ती बाहेर आली नाही.

धाकटीचा शब्द साडूभाऊंनी मात्र कर्जासारखा डोक्यावर घेतला. लाख वितळते, तर घडण उन्हाला न जुमानणाऱ्या प्लास्टिकवर उतरवायची. वस्तूंना निकेलचं पाणी चढवणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी गाठलं आणि लाखेवरच्या ठशावर धातूचा थर चढवून त्याचा पक्का शिक्का करायचा प्रयोग मांडला. शिक्के बिघडले. दुकानदार चिडला, मग हट्टाला पेटला, मग साडूभाऊंपेक्षाही वेडा झाला. पुढच्या उन्हाळ्याआधी अंगठ्याएवढा एक शिक्का असा साधला की त्यातून कडक काळ्या प्लास्टिकवर शिंपल्याची सगळी झळाळी उतरली. शेठजींनी कारखाना एक दुपार बंद ठेवून कामगारांसकट ते पाहिलं. साडूभाऊ पहिला जोड घेऊन भडगावला गेले, विहीणबाईंसमोर तो ओसरीच्या पत्र्यावर उन्हात ठेवला आणि चहा पीत बसले. ऊन उतरलं तरी रंग उतरला नाही. विहीणबाईंनी जोड उचलला, आधी आपल्याच हातात घालून पाहिला, आणि म्हणाल्या, आमच्या घरात हा मधला रंग झाला.

शेठजींना तो माल बाजारात उतरवायचा होता. पण शिक्का अंगठ्याएवढा, आणि तोही काही दिवसांत झिजला. दुसरा तसा साधला नाही. आमच्या नात्यातल्या बायकांना तेवढे जोड मिळाले. पुढं नव्वदच्या दशकात एक दिवस धुळ्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मला चंदेरी कागद दिसला. हलवला की सगळ्या अंगानं इंद्रधनुष्य पळणारा. भेटवस्तू गुंडाळायचा कागद! गुंडाळीच्या गुंडाळी टांगलेल्या. मी थोडा घेतला, आणि जळगावची बस धरली खरी, पण वाटभर तो पिशवीच्या तळाशी दडवून ठेवला. जे साधायला या माणसानं उमेदीची वर्षं घालवली ते आता पोरांच्या वाढदिवसाला फाडून फेकत होते.

साडूभाऊंनी कागद हातात घेतला, अंगणात नेला, मान कलवली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरातला मुलगा बोर्डात आला. "झालं की हो! झालं! रंगाचा थेंब नाही यात, नुसत्या रेघा!" त्यांनी ताईला हाक मारली, शेजाऱ्यांना दाखवला, थकलेल्या आबांच्या उशाशी चिकटवला. मग संध्याकाळी, चहाच्या वेळी, जरा गंभीर होऊन म्हणाले, "पण भाऊ, हा फार नाचतो. जरा हलला की बदलतो. खंड्या पक्षी पाहिलात? त्याच्या पाठीचा निळा. तोही घडणीचाच, पण कुठूनही बघा, निळा तो निळाच. तो कोणाला जमलेला नाही अजून. तो बघायला पाहिजे." आणि ते खंड्याच्या मागं लागले.

त्यांची आणि माझी शेवटची निवांत भेट झाली ती भडगावला, धाकटीच्या मुलाच्या मुंजीत. आबा तोवर गेले होते. जेवणं झाल्यावर साडूभाऊ मला गिरणेच्या काठावर घेऊन गेले. नुकतंच त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याचं करायला ते तयार नव्हते. ताई रडकुंडीला आली होती. मी तिच्या वतीनं विषय काढला.

"दुसराही केला तर तुलनेला काय ठेवू?" ते म्हणाले. समोर पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. "उजव्यानं बघतो तेव्हा तो निळा दिसतो. असा निळा मी जन्मात पाहिला नव्हता. डाव्यानं बघतो तेव्हा राखेतून काढल्यासारखा." मग ते माझ्याकडं वळले. "भाऊ, इतकी वर्षं मी नेमका कुठला निळा बघत होतो हो?"

ते म्हणाले, तुम्ही बघा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मी तसं केलं. माझे दोन्ही डोळे तेव्हा धड होते, दोन्हींना खंड्या सारखाच दिसत होता.

"दिसतो फरक?"

"दिसतो," मी म्हणालो.

ते समाधानानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा नदीकडं वळले. खंड्या केव्हाच उडून पलीकडच्या काठाला गेला होता. आम्ही दोघं साडू आळीपाळीनं एकेक डोळा मिटून त्या रिकाम्या फांदीकडं कितीतरी वेळ बघत बसलो.